मोठ्या अक्षरांची बारीकसारीक कामं

चाळिशी लागली तेव्हा मी ती दोन वर्षं लपवली. चष्मा खिशात ठेवायचा, पुस्तक लांब धरायचं आणि 'इथे उजेडच कमी आहे' म्हणायचं. मग हात अपुरे पडायला लागले. उजेडावरचा आरोपही टिकेना, कारण माझ्या टेबलावर बरोबर नळीदिवा होता.

अशा माणसाला ग्रंथपालबाईंनी मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांचं तालिकीकरण, म्हणजे ग्रंथालयाच्या यादीत नोंदी करण्याचं काम दिलं. "तुम्हाला जरा सोपं जाईल," असंही त्या म्हणाल्या. हा दयाळूपणा होता की टोमणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुस्तकं आली चौदा खोक्यांतून आणि निघाली जेमतेम पावणेतीनशे. नेहमीच्या टाइपातल्या कादंबऱ्या एवढ्याच खोक्यांत चारशे तरी मावल्या असत्या. खोकी उचलणाऱ्या शिपायानं पाचव्या खेपेला विचारलं, "ही पुस्तकं म्हाताऱ्या माणसांसाठी आहेत ना, साहेब? मग उचलणार कोण?" प्रश्न रास्त होता आणि तो याआधीही पडलेला आहे. वयस्क वाचकांसाठी मुद्दाम मोठ्या अक्षरांत पुस्तकं काढायचं इंग्लंडमधल्या फ्रेडरिक थॉर्प नावाच्या प्रकाशकानं १९६४ साली मनावर घेतलं. त्याची सुरुवातीची पुस्तकं इतकी थोराड होती की ज्यांच्यासाठी काढली त्यांनाच ती पेलवेनात. नाकापेक्षा मोती जड. पाचेक वर्षांनी त्याच्या कंपनीनं आकार नेहमीच्या पुस्तकाएवढा केला आणि अक्षर १६ पॉइंटांवर आणलं. आकार घटला, पण मजकूर कुठे जाणार? तो जाडीत गेला. माझंही चाळिशीनंतर साधारण असंच झालेलं असल्यामुळे त्या पुस्तकांवर मी कधी मनापासून रागावू शकलो नाही.

तर पहिलं काम म्हणजे पुस्तक मोठ्या अक्षरांचं आहे हे ठरवणं. तुम्ही म्हणाल, त्यात ठरवायचं काय, उघडलं की दिसतं! पण तालिकेत 'दिसतं' हा पुरावा कच्चा. 'मोठ्या अक्षरांची आवृत्ती' असं पुस्तकानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तर ते शब्द उचलून आवृत्तीच्या रकान्यात लिहायचे. म्हणून मी पहिल्या पुस्तकाच्या तोंडाकडे बघत बसलो. आख्यापृष्ठावर, म्हणजे पुस्तकाच्या नावाच्या पानावर, शीर्षक होतं, लेखक होता, प्रकाशक होता. पुस्तक मात्र गप्प. मग पान उलटलं. मागे हक्क, मुद्रक, पत्ता, आयएसबीएनचे तेरा आकडे आणि त्या सगळ्याच्या तळाशी मुंग्यांची एक रांग. चष्मा लावला, रांग जरा जाड झाली. भिंग घेतलं. तिथे लिहिलं होतं, 'मोठ्या अक्षरांतील आवृत्ती'.

ज्याला ही ओळ वाचता येते त्याला या पुस्तकाची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला आयुष्यभर कळणार नाही की हे पुस्तक आपल्यासाठी आहे!

माझ्या शेजारी बसणारी सहकारी पंचविशीची आहे. ती स्वतःच्या खुर्चीवरून, पुस्तक हातातही न घेता म्हणाली, "सर, खाली लिहिलंय की." त्या दिवशी मी तिच्याशी कामापुरतंच बोललो.

काही पुस्तकं मात्र तेवढंही बोलत नव्हती. मग मोजणं आलं. साधारण १४ पॉइंटांच्या खाली कोणी मोठं अक्षर मानत नाही आणि बहुतेक पुस्तकं १६ ते १८ मध्ये असतात. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, म्हणजे १६ पॉइंट झाले साडेपाच मिलिमीटरच्या थोडे वर. हे गणित कागदावर करून मी मोठ्या रुबाबात फुटपट्टी काढली. 'अ' मोजला, चार भरला. 'ळ' मोजला, तोही चारच्या आसपास. 'र्कू' सापडला तेव्हा कुठे पट्टी पाचाच्या पुढे सरकली. दुपारभर एका परिच्छेदातली अक्षरं मोजल्यावर आठवलं, की हे माप अक्षराचं नव्हेच. जुन्या छापखान्यात अक्षर ज्या शिशाच्या खिळ्यावर बसायचं त्या खिळ्याची ती उंची. वरची वेलांटी, खालचा उकार आणि आजूबाजूची मोकळी जागा, सगळं धरून. म्हणजे जी वस्तू आता पुस्तकातही नाही आणि छापखान्यातही नाही, ती मी फुटपट्टीनं शोधत होतो.

पुस्तकाची उंची मोजणं त्या मानानं सुखाचं. ती सेंटिमीटरमध्ये द्यायची आणि अपूर्णांक आला की वरचा पूर्ण आकडा धरायचा. २३.१ भरलं तरी २४. मिलिमीटरभर वाढीवर एवढं बक्षीस माणसाला शाळेतसुद्धा कोणी देत नाही.

मोजमापांवरून आणखी एक भानगड आठवली. आधीच्या कोणा उत्साही माणसानं टाइप मोठा दिसला म्हणून बालविभागातली चित्रांची पुस्तकंही याच प्रकारात नोंदवून ठेवली होती. त्यामुळे 'मोठ्या अक्षरांतलं काहीतरी चांगलं द्या' म्हणणाऱ्या एका निवृत्त न्यायाधीशांच्या हाती सशाची गोष्ट गेली. त्यांनी ती वाचून परत केली आणि निकाल राखून ठेवला.

पण हे सगळं किरकोळ. खरा प्रसंग संगणकानं आणला.

आमच्या नोंदी मार्क नावाच्या पद्धतीनं होतात. तिच्यात शब्दांना फारशी किंमत नाही, एकेका अक्षराला आहे. ००८ क्रमांकाच्या क्षेत्रात, म्हणजे रकान्यात, २३ व्या जागी 'डी' हे अक्षर पडलं तर संगणकाच्या लेखी पुस्तक मोठ्या टाइपातलं. या जागा शून्यापासून मोजतात, म्हणून तेविसावी जागा ही खरं तर चोविसावी असते, पण त्यावर मी आता बोलत नाही. शिवाय ००७ हे एक क्षेत्र आहे. तिथेही मोठा टाइप सांगता येतो, पण तिथे त्याचं अक्षर 'बी'. एकाच गोष्टीला एका घरात 'डी' आणि शेजारच्या घरात 'बी' का म्हणायचं, हे ज्यांनी ठरवलं त्यांना नक्की माहीत असेल.

शुक्रवारची दुपार होती. साठ नोंदी बाकी होत्या, चष्मा टेबलावर होता आणि मी जोशात होतो. दोन्ही क्षेत्रांत मी 'बी' ठोकत गेलो.

००८ मध्ये 'बी' म्हणजे मायक्रोफिश.

ज्यांनी मायक्रोफिश पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोस्टकार्डाएवढी फिल्म असते. तिच्यावर पुस्तकाची डझनावारी पानं इतकी बारीक उतरवलेली असतात की यंत्राखाली धरल्याशिवाय ती पानं आहेत हेही कळू नये. म्हणजे ग्रंथालयातली सगळ्यात मोठी अक्षरं मी सगळ्यात बारीक अक्षरांच्या खात्यावर जमा केली होती. साठ वेळा.

सोमवारी एक संशोधक आले. त्यांनी संगणकावर मायक्रोफिशची यादी काढली, ती अचानक वाढलेली पाहून हरखले आणि वीस नोंदींची मागणी लिहून दिली. देवघेवीच्या काउंटरवरचा मुलगा सांगितलं तेवढं करणारा आहे. तो ढकलगाडीवरून वीस जाडजूड कादंबऱ्या घेऊन आला आणि त्यांच्यापुढे रचून निघून गेला. संशोधकांनी एकदा त्या चळतीकडे पाहिलं, एकदा वाचनयंत्राच्या काचेकडे. मग सर्वांत वरचं पुस्तक हातात घेऊन माझ्याकडे आले आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "हे यंत्रात कसं घालायचं असतं?"

त्याच वेळी पलीकडे एक आजी संगणकासमोर उभ्या होत्या. मोठ्या अक्षरांच्या नव्या पुस्तकांची पाटी वाचून त्या आल्या होत्या, आणि त्यांना हवं ते नवं पुस्तक नाहीच असं संगणक त्यांना सांगत होता. नवी पुस्तकं त्यांच्या कोपरापासून दोन हातांवर होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण कळसा तिथे ठेवून त्याची नोंद वळशात करणारा मी होतो. वाचकाचा वेळ वाचवा, असा नियम भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये घालून दिलेला आहे. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत या नियमावर मला चांगले गुण होते.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. चष्मा लावून.

मग राहिल्या कण्यावर चिकटवायच्या चिठ्ठ्या. वर 'मो. अ.', खाली विषय सांगणारा वर्गांक, त्याखाली त्या विषयातलं नेमकं पुस्तक सांगणारा ग्रंथांक. छापणाऱ्या यंत्रानं आपल्या सवयीनं त्या ८ पॉइंटांत छापल्या आणि मीही माझ्या सवयीनं न बघता चिकटवल्या. आजींनी एक पुस्तक काढलं, कणा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, खिडकीकडे धरला आणि मला हाक मारली.

"बाळा, या चिठ्ठीवर काय लिहिलंय रे?"

सत्तेचाळिसाव्या वर्षी कोणी बाळा म्हटलं की माणूस खरं बोलतो. मी म्हणालो, "मोठी अक्षरं, आजी."

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढं लांबचं त्यांना स्वच्छ दिसतं.

चिठ्ठ्या मी १८ पॉइंटांत पुन्हा छापल्या. आता वर्गांक कण्यावर सुरू होतो आणि दशांशचिन्हानंतरचा भाग वळून मुखपृष्ठावर जातो. दोन लेखकांची आडनावं त्याखाली गेली. त्यांच्याकडून अजून तक्रार आलेली नाही.

परवा आजी पुस्तक परत करायला आल्या. मी उत्सुकतेनं विचारलं, "वाचायला बरं पडलं का?"

"अक्षर झकास आहे," त्या म्हणाल्या. "हेच पुस्तक मी मागे बारीक टाइपातलं वाचलं होतं, तेव्हा फार आवडलं होतं. निम्मं लागायचं नाही, ते मी मनानं भरून काढायची. आता सगळं स्पष्ट दिसलं." आणि पुस्तक माझ्या हातात ठेवून, आवाज खाली आणून, "गोष्टीत काही दम नाही रे."

ही माहिती कुठल्या क्षेत्रात, कितव्या जागी नोंदवायची ते मी नियमावलीत शोधतो आहे. नियमावली बारीक टाइपात आहे.