‘कॅन्सर झालाच आहे, आता ओढू द्या की’ हा सल्ला पेशंटला महागात पडतो

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: कॅन्सर व्हायचा तो झाला, आता बिडी-सिगारेट सोडायला लावणं म्हणजे पेशंटचा छळ. ओढल्यानं दुखणं कमी होतं, अचानक सोडली तर शरीर कोसळतं, आणि किमो-रेडिएशनचा धुराशी संबंधच काय? मेसेज मायेपोटी लिहिलेला दिसतो, म्हणूनच लोकांना पटतो. घशाच्या कॅन्सरमध्ये मी मामांच्या सोबतीला होते, त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

आधी रेडिएशनचं बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं. आपल्याकडे ज्याला ‘शेक’ म्हणतात, त्याला गाठीतल्या पेशी मारायला ऑक्सिजनची साथ लागते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. शेक घ्यायला जाताना वाटेत बिडी ओढली, की गाठीला ऑक्सिजन कमी मिळतो आणि शेकाची धार बोथट होते. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९३ साली डोकं-मानेच्या कॅन्सरच्या पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रेडिएशनच्या काळात न ओढणाऱ्यांपैकी ७४ टक्के लोकांची गाठ पूर्ण विरघळली, ओढत राहिलेल्यांत ४५ टक्के. दोन वर्षांनी हयात होते अनुक्रमे ६६ आणि ३९ टक्के. औषधांचंही तसंच. फुप्फुसाच्या कॅन्सरवरचं एर्लोटिनिब ओढणाऱ्यांच्या शरीरात लवकर मोडतं आणि रक्तातली त्याची पातळी घसरते. गोळी तीच, पैसेही तेवढेच, गुण मात्र कमी.

‘झालं ते झालं’ हेही खरं नाही. रशियात सुरुवातीच्या टप्प्यातला फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या ५१७ धूम्रपान करणाऱ्यांवर कित्येक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. निष्कर्ष २०२१ साली आले. निदानानंतर सोडणाऱ्यांपैकी निम्मे ६.६ वर्षांपेक्षा जास्त जगले, न सोडणाऱ्यांत हाच आकडा ४.८ वर्षं होता.

आता दुखण्याचं. झुरका मारल्यावर मामांना बरं वाटायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यातलं बरंचसं बरं वाटणं तलफ शमल्याचं असतं. तासाभरात ती परत उठते, सोबत बेचैनी आणते, आणि बेचैन माणसाला दुखणं जास्त टोचतं. कॅन्सरच्या पेशंटांच्या २०११ सालच्या एका अभ्यासात ओढणाऱ्यांनी कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त तीव्र वेदना सांगितल्या. आणि सोडून जितका काळ लोटला होता, तितकी वेदना कमी. दुखतं म्हणून ओढतात की ओढतात म्हणून दुखतं, हे अशा एका पाहणीवरून ठरत नाही. पण ‘ओढल्यानं दुखणं कमी होतं’ याला तिथं कसलाच आधार नाही.

शिवाय शेकानं तोंड आलेलं असतं, लाळ आटलेली असते. त्यावर गरम धूर. मऊ भाताचा घास गिळताना मामांच्या डोळ्यांत पाणी यायचं. जखमा उशिरा भरतात, आवाज बसलेला राहतो. ज्याला आपण ‘तेवढंच सुख’ म्हणतो, ते जेवणाचं सुख खातं.

सोडल्यानं शरीर कोसळत नाही. चिडचिड होते, झोप उडते, पहिला आठवडा जड जातो. तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. निकोटिनचे पॅच आणि गोळ्या असतात. तोंडात जखमा असतील तर च्युइंगम जमत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच ठरवा. लाजेनं लपवून ओढणाऱ्याला रागावू नका. त्यानं डॉक्टरांना खरं सांगणं जास्त गरजेचं आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

अगदी शेवटचे दिवस असतील, माणूस स्वतःहून मागत असेल, तर तिथं मीही हट्ट धरणार नाही. फक्त घरात ऑक्सिजन लावलेला असेल तर त्या खोलीत काडीसुद्धा ओढायची नाही. नळीजवळ ठिणगी पडली तर अंथरूण, कपडे, चेहरा क्षणात पेट घेतात.