पापुद्रा

आज सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या मावशींनी मला माझ्याच घरातल्या एका वस्तूविषयी जे शिकवले, त्यामुळे दुपार उलटली तरी माझे कामात लक्ष लागलेले नाही. गेल्या महिन्यात आईच्या पंच्याहत्तरीला पाहुण्यांना पेढे देण्यासाठी मी दीडशे खोकी मागवली होती. दुकानदाराने ती 'पूर्ण कागदी, पर्यावरणपूरक' असल्याचे सांगितले होते, प्रत्येकाच्या तळाशी तीन बाणांचा त्रिकोण आणि एक हिरवे पान छापलेले होते, आणि प्लॅस्टिकचे डबे टाळल्याबद्दल मी चार जणांत स्वतःचे कौतुकही करून घेतले होते. त्यांतली उरलेली चाळीसेक खोकी सुतळीने बांधून आज मी मोठ्या ऐटीत मावशींपुढे ठेवली. त्यांनी वरचे एक उचलले, कोपरा नखाने उकलला आणि तापलेल्या दुधावरची साय काढावी तसा एक चकचकीत पापुद्रा सोलून माझ्या हातात दिला. "ताई, ह्यो कागद न्हाई. वखारवाला घेत न्हाई, आन् नजरचुकीनं पोत्यात गेला तर सगळ्या पोत्याचा भाव पाडतो," एवढे बोलून त्या पुढच्या दाराकडे वळल्या.

हा पापुद्रा चुकून पुढे गेलाच, तर त्याचे काय होते ते सांगते. वखारीतला पुठ्ठा गाठी बांधून वापीसारख्या ठिकाणच्या क्राफ्ट कागदाच्या गिरण्यांत जातो, तिथे पाण्यात घुसळून त्याचा लगदा होतो, आणि त्याच लगद्याच्या तपकिरी कागदातून आपल्या दारात येणाऱ्या पार्सलची खोकी पुन्हा तयार होतात. प्रत्येक फेरीत कागदाचा तंतू आखूड होत जातो, तरीही पाच-सात फेऱ्या तो निभावून नेतो. पापुद्रा मात्र विरघळत नाही. त्याच्या चिंध्या चाळण्यांत अडकतात आणि चिकटलेले चांगले तंतूही सोबत घेऊन गिरणीच्या कचऱ्यात जातात.

शासनाला हे ठाऊक नाही असे कुणी मला सांगू नये. मार्च 2018 मध्ये महाराष्ट्राने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली तेव्हा आपण सगळे कागदाकडे धावलो, आणि कागदी म्हणवणाऱ्या चहाच्या कपालाही आतून प्लॅस्टिकचा थर असतो हे ध्यानात आल्यावर जुलै 2022 मध्ये असे थर दिलेले कप आणि पत्रावळ्याही बंदीत आल्या. म्हणजे टपरीवाल्याच्या कपात दिसलेला थर मिठाईच्या खोक्यावर, लग्नपत्रिकेवर आणि अत्तराच्या वेष्टनावर दिसेनासा होतो! प्लॅस्टिकच्या वेष्टनांचा कचरा निस्तरण्याच्या उत्पादकाच्या जबाबदारीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने फेब्रुवारी 2022 मध्ये दिली. कागद, काच आणि धातूच्या वेष्टनांच्या नियमांचा मसुदा मात्र डिसेंबर 2024 मध्ये निघाला. मधल्या काळात कागदाला कुणी फारसा जाब विचारला नाही, कारण कागद म्हटले की आपण सगळेच निर्धास्त होतो. त्या त्रिकोणाचे आणि हिरव्या पानाचे तर विचारूच नका, ते छापायला शाईपलीकडे काहीही लागत नाही.

तुपकट पदार्थाला आडोसा लागतो, आणि तूप मुरलेला पुठ्ठाही गिरणीच्या कामाचा राहत नाही, हे मान्य. त्यासाठी आत बटर पेपरचा सुटा तुकडा ठेवला की भागते, आमच्या लहानपणी भागतच होते. पण मावशींनी सोललेला पापुद्रा खोक्याच्या बाहेरच्या बाजूला होता. पेढे आत होते. बाहेरच्या बाजूने तो कोणाचे संरक्षण करत होता, हे मला कुणीतरी समजावून सांगावे.

संतापाच्या भरात मी दुकानात फोन केला. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, चकाकी नसेल तर गिऱ्हाईक माल हातातसुद्धा धरत नाही." त्यावर मी बरेच काही बोलणार होते, आणि तेवढ्यात मला आठवले की त्याने त्या दिवशी मला दोन नमुने दाखवले होते. एक मळकट तपकिरी, बिनचकाकीचा होता. "पंच्याहत्तरीला हे बरे दिसेल का?" असे म्हणून तो बाजूला सारणारी मीच होते. मी फोन ठेवला.

तेव्हापासून राग दुकानदारावर कमी आणि माझ्यावर जास्त आहे. पुण्यात कचरावेचकांची संघटना 1993 मध्ये उभी राहिली, तिचे नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. दारोदार कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेसोबत काम करते आहे. आमच्या मावशी त्यांतल्याच. ज्यांच्या संघटनेच्या नावातला पहिलाच शब्द कागद आहे, त्यांना कागद म्हणजे काय हे एका छापील हिरव्या पानाच्या भरवशावर मी दाखवायला निघाले होते. कारखानदाराने फायद्यासाठी आणि मी शोभेसाठी चढवलेला पापुद्रा वेगळा करण्याचे काम शेवटी त्यांच्या नखावर येऊन पडते, आणि त्या नखाची मजुरी कोणत्याही खोक्याच्या किमतीत धरलेली नसते. नव्या नियमांत ती धरली जाणार आहे का, एवढे एकच मला त्या मसुदेवाल्यांना विचारायचे आहे. निदान 'यावर प्लॅस्टिकचा थर आहे' एवढे तरी ठळक मराठीत खोक्यावर छापणे सक्तीचे करा, म्हणजे माझ्यासारखीला नंतर अज्ञानाची सबब सांगता येणार नाही.

चाळीस खोकी बाल्कनीत पडून आहेत. कुणाला फराळ भरायला हवी असल्यास घेऊन जावीत. मात्र रिकामी झाल्यावर ती रद्दीत टाकू नयेत, मला परत आणून द्यावीत.