सायरन वाजवत पुढे गेलेली १०८

हायवेवर अपघात झाला की गोव्यातल्या ग्रुपांवर ठरलेला मेसेज येतो: ‘रुग्णवाहिका रिकामी होती, तरी थांबली नाही. कायद्याने थांबायलाच हवं. चालकाला निलंबित करा.’ संताप समजू शकतो. बाकीचं तपासून बघू.

‘रिकामी होती.’ मागे पेशंट नाही म्हणजे गाडी मोकळी, असं नव्हे. सायरन लावून धावणारी रिकामी १०८ बहुधा कुणाच्या तरी फोनवरूनच निघालेली असते. पेडण्यात कुणाच्या छातीत कळ आली असेल. तो आपल्याला दिसत नाही, रस्त्यावरचा दिसतो. जवळ दुसरी गाडी असेल तर कंट्रोल रूमला एक कॉल तिच्याकडे वळवता येतो. पायलटने, म्हणजे रुग्णवाहिकेच्या चालकाने, मनानेच पहिला कॉल सोडून कसं चालेल?

‘आत पेशंट असला तरी दोन मिनिटं उतरायला काय जातं?’ गाडीवर साधारण दोनच माणसं, पायलट आणि ईएमटी, म्हणजे वाटेत उपचार करणारा तंत्रज्ञ. आतला पेशंट हाड मोडलेला पण शुद्धीवर असेल, तर उतरून जखम दाबून धरणं, दुसरी गाडी मागवणं जमू शकतं. पण म्हापशाहून गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेताना एखाद्याला पिशवी दाबून श्वास दिला जात असेल, तर ईएमटीने हात काढायचा कसा? शिवाय हाती घेतलेल्या जखमीला अर्ध्यावर टाकून निघता येत नाही. दोन मिनिटांची वीस होतात.

‘कलम १३४ बघा.’ बघितलं. मोटार वाहन कायद्याचं हे कलम अपघातात सापडलेल्या वाहनाच्या चालकाला लागू आहे, बाजूने जाणाऱ्याला नाही. २०१९ च्या दुरुस्तीतलं १३४ए मात्र सद्हेतूने मदत करणाऱ्याला दिवाणी-फौजदारी कारवाईपासून वाचवतं. म्हणजे व्हिडिओ काढणाऱ्यालासुद्धा, त्याने मोबाइल खिशात ठेवून मदत केली तर.

कॉल संपवून परतणारी, हाती काहीच काम नसलेली गाडी जखमीला बघून निघून गेली, तर तक्रार जरूर करा. गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण द्या. ती कुठल्या कॉलवर होती ते नोंदीत सापडेल, फोटोत नाही.

आणि ‘गाडीने बघितलं, म्हणजे खबर पोचली’ हा समज सगळ्यात घातक. तुम्ही स्वतः १०८ किंवा ११२ लावा. जखमी मडगावकडे जाणाऱ्या बाजूला आहे की पणजीकडे, तेही सांगा. मध्ये दुभाजक असला तर चुकीच्या बाजूने आलेल्या गाडीला पुढच्या जंक्शनवरून वळून यावं लागतं.