घरपट्टी थांबवून राज्याला घटना मिळत नाही

परवा रात्री आत्याचा फोन आला. "अरे, घरपट्टी भरू नका असं ग्रुपवर आलंय. थांबू का?" आत्या ग्रामपंचायत सदस्य आहे. तो मेसेज मला आधी तीनदा येऊन गेला होता आणि मी सोडून दिला होता. आता सोडत नाही.

मेसेजचं म्हणणं असं: अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःची घटना आहे, म्हणून तिथली गावं स्वतंत्र आहेत. काश्मीरलाही होती, म्हणून तिथं गावाचा कारभार गावाकडे होता. महाराष्ट्राला नाही, म्हणून पंचायतीची रचना दिल्ली ठरवते. तेव्हा वेगळ्या घटनेचा ठराव ग्रामसभेत करा आणि ती मिळेपर्यंत घरपट्टी भरू नका, वसुली होऊच शकत नाही.

आधी शेवटचं, कारण माणसं अडकणार ती तिथंच. कायद्यानं बसवलेला कर ग्रामसभेच्या असल्या ठरावानं थांबत नाही. आणि महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 14 काय सांगतं? बिल रीतसर मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तर सदस्य अपात्र ठरतो. विरोधी पॅनेल याच कलमावर टपून असतं. एक अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला की झालं. मेसेज लिहिणाऱ्याचं काही जात नाही, पद आत्याचं जाईल. शिवाय गावची दिवाबत्ती आणि पाणी याच पैशावर चालतं. गावाला सत्ता हवी म्हणायचं आणि गावाचीच तिजोरी रिकामी करायची, याचा मला संताप येतो.

दिल्ली ठरवते, हे बहुतांशी खोटं. भारताच्या घटनेत सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीची 5 वी नोंद काढून वाचा: स्थानिक शासन हा राज्याचा विषय आहे. तीन स्तर, पाच वर्षांची मुदत, राखीव जागा एवढं 73 व्या घटनादुरुस्तीनं बांधून दिलंय, हे खरं. पण अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांपैकी पंचायतींना काय द्यायचं, ते विधिमंडळाच्या हातात आहे. सरपंचाची थेट निवड आपल्याच विधिमंडळानं 2017 मध्ये आणली, 2020 मध्ये काढली, 2022 मध्ये परत आणली. तेव्हा कुणाला वेगळी घटना लागली? केरळनं 1996 मध्ये योजनानिधीचा 35 ते 40 टक्के वाटा स्थानिक संस्थांना द्यायचं ठरवलं, तेही राज्याच्या स्वतःच्या घटनेविना.

काश्मीरचं उदाहरण तर उलटंच आहे. स्वतःची घटना असतानाच तिथं पालिकांच्या निवडणुका 2005 नंतर थेट 2018 मध्ये झाल्या.

अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयानं 1907 मध्येच सांगितलं की शहरं ही राज्याची निर्मिती आहेत, राज्य त्यांचे अधिकार काढून घेऊ शकतं. तिथल्या कनेक्टिकट राज्यानं 1960 मध्ये काउंटी सरकारंच, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागांची सरकारं, मोडीत काढली. हां, मिझुरी राज्यानं 1875 च्या घटनेत मोठ्या शहरांना स्वतःची सनद, म्हणजे कारभाराचे नियम, करू दिली, आणि असं संरक्षण घटनेत असलं की सरकार बदललं म्हणून नियम बदलत नाहीत. एवढं मान्य करावं लागतं. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यावर तिथं तीन वर्षांहून जास्त प्रशासक बसला, हेही मी विसरलेलो नाही. पण निवडणुका घ्या असा आदेश मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिला, आणि पाच वर्षांची मुदत लिहून ठेवलीय ती भारताच्याच घटनेत.

आत्याला सांगितलं, बिल कुठल्या तारखेला हातात पडलं ते बघ, उद्याच भर आणि पावती जपून ठेव.