कुजलेल्या द्राक्षांचं कौतुक? निफाडच्या बागायतदारांना उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की एका मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकलोय. म्हणून हे लांबलचक उत्तर.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: फ्रान्समध्ये बोर्दोच्या दक्षिणेला सोतेर्न गाव आहे. तिथल्या शातो दीकेम या द्राक्षबागेच्या इस्टेटीवर आणि बुरशी चढलेल्या द्राक्षांपासून होणाऱ्या तिच्या गोड वाइनवर मी लिहिलं होतं. त्यावर दादांचे तीन आक्षेप आहेत. एक, "आमच्या बागेत बुरशी आली की नुकसान, त्यांच्या बागेत आली की अमृत." दोन, गोडच वाइन हवी तर तासगावच्या बेदाण्याची काढा, काय फरक पडतो? तीन, १८४७ सालची जी गोष्ट मी रंगवून सांगितली ती शुद्ध पुडी आहे. वर एक टोमणा, की हे सगळं 'मार्केटिंग' आहे.

तिसऱ्यापासूनच सुरुवात करतो, कारण तिथे माझी विकेट गेलीय.

गोष्ट अशी होती: इस्टेटीचा मालक, एक मार्की (म्हणजे सरदार), रशियाला गेला, जाताना 'मी येईपर्यंत काढणी नको' असं बजावून गेला, परतायला उशीर झाला, तोवर घड कुजले, तरी रस काढला आणि जगाला नवी वाइन मिळाली. ऐकायला झकास आहे. पण थॉमस जेफरसन, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, १७८७मध्ये बोर्दोला जाऊन आले आणि त्यांनी दीकेमच्या १७८४ सालच्या वाइनच्या २५० बाटल्या मागवल्या. १७९०मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनसाठी ३० डझन मागवल्या, वर स्वतःसाठी १० डझन. म्हणजे शोध लागायच्या साठ वर्षं आधीच गिऱ्हाईक दारात! शिवाय हंगेरीतल्या तोकायमध्ये बुरशी चढलेल्या द्राक्षांची गोड वाइन सतराव्या शतकातच होत होती. १८४७चं पीक मात्र खरोखर असामान्य होतं. रशियाच्या ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटीनने १८५९मध्ये त्या सालचं एक पिंप, ९०० लिटरचं, २०,००० सुवर्ण फ्रँक मोजून नेलं. रशिया गोष्टीत शिरला तो बहुधा इथून.

आणि माझी त्याहून मोठी चूक तुम्हीही पकडली नाहीत. मी मार्कीला घोड्यावर बसवून रशियाला धाडलं आणि जिने ही इस्टेट उभी केली त्या बाईचं नावही घेतलं नाही. फ्रांस्वाज-जोसेफीन सोव्हाज दीकेम. तिच्या घराण्याकडे ही जमीन १५९३पासून होती. १७८५मध्ये ल्यूर-साल्यूस घराण्यात लग्न झालं, तीन वर्षांत नवरा घोड्यावरून पडून गेला. विशीत वैधव्य, पाठोपाठ राज्यक्रांती, दोनदा तुरुंगवास. तरी इस्टेट हातची जाऊ दिली नाही. १८२६मध्ये तिने तिथे वाइनचं तळघर बांधून घेतलं, त्या काळी हे मोठंच धाडस होतं. ती वारली १८५१मध्ये. म्हणजे १८४७ला ती हयात होती.

आता बुरशी. इथे मात्र मी माघार घेणार नाही.

बुरशी एकच आहे, तुमची आणि त्यांची. बोट्रायटिस सिनेरिया. भुरी, डाऊनी हे द्राक्षावरचे दुसरे रोग, ते नव्हेत; पावसात सापडलेल्या घडावर राखाडी लव येते आणि मणी पिचपिचीत होतो, तीच. तिथेही ती बहुतेक वेळा नुकसानच करते. फरक पडतो तो दिवसाच्या वेळापत्रकाने. सिरों ही झाडीतून येणारी थंड पाण्याची छोटी नदी, ती तुलनेने उबदार गारोनला मिळते. शरद ऋतूत पहाटे या संगमावरून धुकं उठतं आणि बागांवर बसतं, बुरशीला हवी ती ओल मिळते. दुपारी ऊन आणि वारा. बुरशीने सालीला सुईएवढी भोकं पाडलेली असतात, त्यातून पाणी उडून जातं. साल फाटत नाही, मणी आतल्या आत आटतो. साखर घट्ट होते, आंबटपणाही घट्ट होतो. दुपारचं ऊन चार दिवस पडलं नाही, की तीच बुरशी घड सडवते आणि तुमच्यासारखंच त्यांच्याही तोंडचं पाणी पळतं.

मी एकदा ऑक्टोबरात सोतेर्नजवळच्या एका छोट्या बागेत गेलो होतो. एकाच घडात तीन तऱ्हेचे मणी होते: काही सोनेरी, टणक, काही जांभळट तपकिरी, पण फुगलेले, आणि काही सुरकुतलेले, वर राखेसारखी लव. काढणाऱ्या बाईने छोट्या कात्रीच्या टोकाने फक्त तिसरे उचलले. त्या अवस्थेला ते 'रोती' म्हणतात, म्हणजे भाजलेले. एक मणी माझ्या हातावर ठेवला. दिसायला असा, की आपल्याकडे पॅकिंगच्या बाईने न बघता फेकला असता. चव जर्दाळूच्या मुरांब्याची, मागून संत्र्याच्या सालीचा कडवटपणा. बाकीचा घड तिने झाडावरच ठेवला, पुढच्या फेरीसाठी.

या फेऱ्या हाच सगळा खर्च. दीकेममध्ये दीडशेच्या आसपास माणसं त्याच ओळींतून पुन्हा पुन्हा फिरतात. सरासरी पाच-सहा वेळा, वाईट वर्षी त्याहून जास्त. बाग शंभरेक हेक्टरची आणि उतारा हेक्टरी सुमारे ९०० लिटर. तुमच्या हिशेबात सांगतो: एकरी ५०० बाटल्यासुद्धा भरत नाहीत. एका झाडामागे एक ग्लास, असं ते स्वतःच म्हणतात. द्राक्षं मुख्यतः सेमियों, पाऊण हिस्सा, आणि उरलेली सोव्हिन्यों ब्लाँ. रसात लिटरला ३५० ग्रॅमच्या आसपास साखर असते. अल्कोहोल साधारण १४ टक्क्यांवर गेलं, की यीस्टचा दम संपतो आणि सव्वाशे-दीडशे ग्रॅम साखर तशीच उरते. वरून साखर घालत नाहीत. मग नव्या ओक पिंपात दोनेक वर्षं.

बेदाण्याचं उत्तर याच्यातच आहे. बेदाण्यात पाणी जातं आणि उरतं ते मूळचंच द्राक्ष, फक्त घट्ट. बोट्रायटिस मणी खाते. काही आम्लं खाऊन टाकते, ग्लिसरॉल तयार करते, मध-केशराच्या वळणाचे वास सोडते. वाळवलेल्या द्राक्षांची वाइन इटलीत उत्तम होते, तासगावच्या मालाचीही कदाचित होईल. ती वेगळी वाइन असेल, इतकंच.

राहिला तुमचा टोमणा, की हे सगळं 'मार्केटिंग' आहे. काही अंशी आहेच. १८५५मध्ये बोर्दोच्या दलालांनी बाजारभावावरून प्रतवारी लावली तेव्हा सोतेर्न भागात एकट्या दीकेमला सगळ्यांच्या वरचा दर्जा दिला, आणि त्या एका कागदावर आजही भाव चढतो. १८११ सालची एक बाटली २०११मध्ये ७५,००० पौंडांना विकली गेली. ती किंमत चवीची नाही, हे मला कळतं. १९९६पासून घराण्यातल्या भांडणातून इस्टेट एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या कंपनीकडे गेली, म्हणजे जाहिरातीची कमतरता नाही.

पण दादा, याच कंपनीच्या हाताखाली २०१२ सालची दीकेम बाजारात आलीच नाही. पीक मनासारखं आलं नाही, म्हणून त्या नावाने एकही बाटली भरली नाही. त्याआधी १९९२, १९७४, १९७२, १९६४; विसाव्या शतकात अशी नऊ वर्षं गेली. लेबल होतं, गिऱ्हाईक होतं, नावावर खपलंही असतं. तो माल बिननावाचा ठोक विकला. द्राक्षाचा अख्खा हंगाम हातचा सोडणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. माझं कौतुक त्या निर्णयाचं आहे, बुरशीचं नाही. मूळ लेखात ते नीट उतरलं नाही, हा दोष माझा.

१८४७चा परिच्छेद आज रात्री काढून टाकतोय, त्या जागी जोसेफीनबाई येतील.

आणि एक विचारायचं होतं. तुमची आगाप, म्हणजे लवकर केलेल्या, छाटणीची एखादी ओळ पावसात सापडून घडांवर राखाडी लव आली आणि पुढे चार दिवस कडक ऊन पडलं, असं कधी झालंय का? झालं असेल तर तो मणी कुणी चाखला होता का? अर्थात, फवारणी झाली नसेल तरच.