तीन तेरा नऊ बारा

मराठीत आजवर एकच तबकडी उडत होती. ती परग्रहावरून यायची, दोन-चार जणांनाच दिसायची आणि नेमकी कुठे उतरली ते शेवटपर्यंत कुणाला सांगता यायचं नाही. गेल्या रविवारी बागेत मी फेकलेल्या तबकडीचं वर्णन करायचं तर यात एकही शब्द बदलावा लागणार नाही.

सुट्टीला आलेल्या भाच्याने हा उद्योग मागे लावला. म्हणाला, "मामा, चल, डिस्क गोल्फ खेळू. काही नसतं रे त्यात. चालायचं आणि फेकायचं." चालायला मला डॉक्टरांनी सांगितलंच होतं, आणि फेकण्याच्या बाबतीत घरात माझा हात धरणारं कुणी नाही. बायको तर चार पाहुण्यांसमोर म्हणते, "यांचं काही मनावर घेऊ नका, हे फेकतात." तेव्हा अर्धी तयारी झालेलीच आहे असं मी धरून चाललो.

खेळ गोल्फचा, पण काठी नाही, चेंडू नाही आणि मुख्य म्हणजे भोक नाही. तरी 'होल'च म्हणायचं. भोकाच्या जागी जमिनीत रोवलेला लोखंडी खांब, वरच्या कड्यातून घागऱ्याच्या घेरासारख्या लोंबणाऱ्या साखळ्या आणि खाली तारेची टोपली. लांबून तबकडी फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, असं करत करत ती टोपलीत घालायची. आमच्या बागेतलं मैदान छोटं, नऊ होलचं. प्रत्येक होल 'पार तीन', म्हणजे शहाण्या माणसाने तीन फेकींत उरकावं अशी अपेक्षा. नऊ त्रिक सत्तावीस. हा हिशेब मी घरून निघतानाच करून ठेवला होता आणि त्यात माझ्यासाठी पाच-सहा फेकींची उदार सूटही धरली होती.

एक गुपित सांगायला हवं. खेळायचं ठरलं त्याच रात्री मी भाच्याला न सांगता एक तबकडी मागवून टाकली होती. लालभडक. निवडताना निकष एकच लावला, तिच्यावर सगळ्यात मोठा आकडा होता. हे जेवणाचं ताट नव्हे बरं का. वीतभराहून थोडीशी कमी रुंद, पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाची आणि कडेला चांगली धारदार. भाच्याने ती हातात घेतली, वरचे चार आकडे वाचले आणि पत्रिका पाहून भटजी गप्प होतात तसा गप्प झाला.

"काय रे?"

"बारा, पाच, उणे एक, तीन," तो म्हणाला. "मामा, ही तुझ्यासाठी नाही."

हे चार आकडे म्हणजे तबकडीचं भविष्यच असतं. पहिला वेगाचा. दुसरा ती हवेत किती तरंगेल त्याचा. तिसरा सुरुवातीला उजवीकडे किती वळेल त्याचा आणि चौथा शेवटी डावीकडे किती कलेल त्याचा. उजव्या हाताने, छातीपासून बाहेर झटका देत फेकणाऱ्यासाठी हे उजवं-डावं. मी म्हटलं, "मग बारा म्हणजे चांगलीच पळत असेल की!"

"तसं नसतं ते. बाराने ती पळत नाही. नीट उडायला तिला तेवढा वेग तू द्यायचा असतो."

म्हणजे तबकडीवर छापलेली पात्रता माझी होती आणि ती मला न विचारता छापली होती. भाच्याने स्वतःच्या पिशवीतून एक बोथट कडेची, मवाळ चेहऱ्याची पटर, म्हणजे जवळच्या फेकीची तबकडी, पुढे केली. वेग दोन. "नवशिक्याने सगळं मैदान हिच्यावर खेळावं," म्हणाला. मी ती घेतली नाही. पन्नाशीला आलेल्या माणसाने दोन लिहिलेली वस्तू घेऊन चारचौघांत उभं राहायचं म्हणजे काय? त्याने मग निमूटपणे मार्कर काढला आणि माझ्या लाल तबकडीच्या पोटावर माझं नाव आणि फोन नंबर लिहिला. "हरवली तर लोक फोन करतात," एवढंच बोलला. मुलगा समजूतदार आहे.

पहिली फेक. समोर साठेक मीटरवर टोपली, मध्ये मोकळं गवत, आणि डावीकडे बऱ्याच अंतरावर एका बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेले एक वयस्क गृहस्थ. भाच्याने दाखवल्याप्रमाणे मी हात मागे नेला, कंबर वळवली आणि जोर लावून सोडली. तबकडी हातातून सुटली ती घरचा रस्ता माहीत असलेल्या बैलासारखी डावीकडे निघाली. बाकाकडेच. असा प्रसंग आला की "फोर!" असं ओरडायचं हा इथला नियम, गोल्फमधून आलेला. इशारा असतो तो. मी जीव तोडून ओरडलो, "फोर!"

गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली केलं. तबकडी त्यांच्या पायांपासून तीन-चार हातांवर गवतात रुतली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कसली फोर? सीमारेषा कुठे आहे?"

मी दहा वेळा "सॉरी काका" म्हटलं. ते रागावले नव्हते, उलट त्यांचा चेहरा खुलला होता. वर्तमानपत्राची घडी करून ते म्हणाले, "तुमचं मनगट वळतंय." दुसऱ्या होलपासून ते आमच्याबरोबर बाक बदलत निघाले. माणूस हुशार. दर वेळी उजवीकडचा बाक.

डावीकडेच का, हे भाच्याने चालता चालता समजावून सांगितलं. मी फेकतो तशी तबकडी वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वेग आहे तोवर ठीक. वेग कमी होत गेला की हवेचा उचलणारा जोर तिच्या पुढच्या भागाकडे सरकतो आणि नाक वर उचलू पाहतो. पण फिरणारी वस्तू ढकलल्या दिशेला सरळ कलत नाही, ती त्या ढकलण्याचा राग काटकोनात काढते. त्यामुळे नाक वर जाण्याऐवजी डावी बाजू खाली जाते आणि तबकडी डावीकडे घसरते. जोरात फेकणाऱ्याच्या बाबतीत हे अगदी शेवटी घडतं. "तुझ्या बाबतीत," भाचा जरा थांबून म्हणाला, "शेवट लवकर येतो."

त्याने मला धीर यावा म्हणून असेल, जागतिक विक्रमही सांगितला. २०१६ मध्ये अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात डेव्हिड विगिन्स ज्युनियरने ३३८ मीटर फेकली, पाठीशी वारा घेऊन. माझी त्या दिवशीची सर्वोत्तम फेक आम्ही पावलांनी मोजली. एकतीस मीटर. त्यातले अकरा मीटर ती चाकासारखी घरंगळली होती, पण नियमाने ते धरतात.

नियमांबद्दल माझी एकच तक्रार आहे. टोपलीपासून जो सगळ्यात लांब, त्याने आधी फेकायचं. ऐकायला किती सभ्य! प्रत्यक्षात मी फेकायचो, चालायचो, अजून मीच लांब. पुन्हा फेकायचो, अजून मीच लांब. भाचा टोपलीजवळ झाडाला टेकून फोन बघत उभा आणि मी शेतात बी पेरावं तसा मैदानभर झिगझॅग. बरं, बाग सार्वजनिक. फिरायला येणाऱ्यांचा हक्क पहिला, ते गेल्याशिवाय फेकायचं नाही. तेही योग्यच. पण आपण तबकडी धरून अदबीने थांबलो की लोकांना वाटतं काहीतरी प्रेक्षणीय घडणार आहे. चौथ्या होलला एक जोडपं लगबगीने बाजूला झालं आणि "फेका, फेका, आम्ही थांबतो" म्हणून खरोखरच थांबलं. बाबागाडीतलं त्यांचं मूलही टक लावून बघू लागलं. मी फेकली. जोडप्यातल्या बाईंनी मला ऐकू येणार नाही अशा बेताने विचारलं, "मुद्दाम तिकडे टाकली का हो?" मला ऐकू आलं.

मग सहावा होल. इथे मध्ये झाडांची दाटी. पहिलीच फेक डावीकडच्या कुंपणाच्या झुडपात शिरली. हरवलेली तबकडी शोधायला नियम देतो तीन मिनिटं. घरात चष्मा शोधायला मला याच्या चौपट लागतात आणि तो बऱ्याचदा डोक्यावर असतो. तीन मिनिटांत सापडली नाही तर एक फेक दंड, वर मागच्या जागी जाऊन पुन्हा फेकायचं. म्हणजे त्याच लोकांसमोरून परत जायचं आणि त्याच लोकांसमोरून परत यायचं. दंडाहून ही वरात भारी. दहाएक सेकंद उरले असताना काकांनी बाकावरूनच काठीने दाखवली, "ती काय, लाल."

पुढच्या सात फेकींत मी त्या भागातली बहुतेक झाडं ओळखीची करून घेतली. झाडाला आपटून तबकडी मागे येते तेव्हा एक वेगळाच 'टॉक' असा आवाज होतो. कुणीतरी मोठ्या माणसाने टपली मारल्यासारखा. नववी फेक मात्र सुंदर गेली. हातातून अलगद सुटली, सरळ निघाली, वर चढली, सूर्य तिच्यातून लालसर चमकला. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. आणि ती एका उंच झाडाच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात जाऊन बसली. बसली ती बसलीच.

"काळजी नको," भाचा म्हणाला. "आधी तसं ठरवलं नसेल तर झाडात अडकल्याचा दंड नाही. बरोबर तिच्या खाली उभं राहून पुढची फेक करायची."

"पण कशाने?"

भाच्याने पटर पुढे केली. वेग दोन. या वेळी मी घेतली.

आणि सांगायला लाज वाटते, पण ती सरळ गेली. फार लांब नाही, पण सरळ. तिने माझ्याकडून काही अपेक्षाच ठेवली नव्हती. तरी टोपलीपासून दहा मीटरच्या आत आलं की वेगळं लचांड असतं. तबकडी सोडल्यावर तोल सांभाळून दाखवायचा, मगच पाऊल पुढे. मी एका पायावर बगळ्यासारखा हलत उभा राहिलो आणि पटर साखळ्यांवर आपटली. झणणण! साखळ्यांनी तिला आत घेतलं, क्षणभर विचार केला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर काढून दिलं. सहावा होल संपला तेव्हा भाच्याने वहीत लिहिलेला आकडा हाताने झाकला. तेरा.

हा साखळ्यांचा सापळा ज्याने जन्माला घातला त्याच्याविषयी मला आता आदरयुक्त भीती वाटते. आधी लोक झाडं, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे यांवर नेम धरून खेळायचे आणि "लागली", "नाही लागली" यावर भांडायचे. गल्लीत क्रिकेट खेळलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १९७५ मध्ये एड हेड्रिक नावाच्या गृहस्थाने कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमचं मैदान आखलं आणि पुढे साखळ्यांची टोपलीही त्यानेच आणली. भांडण मिटलं. २००२ मध्ये तो गेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून तिच्या तबकड्या केल्या गेल्या. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मी नकळत वर झाडाकडे पाहिलं. या माणसाने मेल्यावरही फांदीत अडकायची तयारी ठेवली होती.

आठव्या होलला चमत्कार झाला. पंधरा-वीस मीटरवरून फेकलेली पटर वाऱ्याने उचलली, गिरक्या घेत खाली आली आणि टोपलीच्या डोक्यावर जाऊन आडवी पडली. अगदी मधोमध. काकांनी काठी काखेत धरून टाळ्या वाजवल्या. मी दोन्ही हात वर केले.

"मामा, नाही धरत," भाचा म्हणाला.

"अरे, टोपलीवर आहे!"

"टोपलीवर आहे, टोपलीत नाही. साखळ्यांनी नाही तर आतल्या तळाने धरलेली पाहिजे."

काका म्हणाले, "हा अन्याय आहे." इतक्या वेळात माझ्या बाजूने बोललेला हा पहिला माणूस. पण लगेच म्हणाले, "मनगट सरळ असतं तर आत गेली असती."

शेवटी हिशेब झाला. भाचा एकोणतीस, मी अठ्ठावन्न. इथे पारच्या वर किती ते अधिक चिन्ह लावून लिहितात, म्हणून माझ्या नावापुढे अधिक एकतीस. बेरजेचं चिन्ह आयुष्यात प्रथमच माझ्या विरोधात गेलं होतं. मी ती वही बराच वेळ बघत बसलो. पार तीन. सहाव्यावर तेरा. होल नऊ. तबकडीवर बारा. आपल्याकडे 'तीन तेरा नऊ बारा' ही म्हण कुणी पाडली ते ठाऊक नाही, पण तोही माणूस भाच्याबरोबर कुठेतरी गेला असणार.

लाल तबकडी झाडावरच राहिली. मी गडी वर चढवायचं म्हणत होतो, भाचा "जाऊ दे" म्हणाला. दंड, खांदा आणि कंबर यांनी पुढचे दोन दिवस माझ्याशी स्वतंत्रपणे बोलणी केली.

मंगळवारी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"अहो, ते तबकडीवाले तुम्हीच ना?"

आवाज ओळखीचा होता. "काका! तुम्ही?"

"रात्री वारा सुटला होता ना, सकाळी झाडाखाली पडलेली दिसली. पोटावर नंबर होता. ठेवलीय मी जपून." मी आभार मानले. पलीकडे जरा शांतता पसरली. "एक बोलू का? रागावणार नाही ना?"

आता मनगटच येणार हे ओळखून मी खुर्चीत सावरून बसलो.

"आसपास कुणी नव्हतं, म्हणून मी पाच-सहा वेळा फेकून बघितली," काका आवाज खाली आणून म्हणाले. "अहो, तुमचं मनगट बरोबर आहे. ती तबकडीच मुळात डावीकडे जाते."

भाचा पलीकडच्या खोलीत बॅग भरत होता. मी त्याला हाक मारली आणि फोन स्पीकरवर टाकला.

"काका," मी म्हणालो, "हे एकदा मोठ्याने सांगता का?"