‘महागडी वाळू मारणं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

आयन बीमवरच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंचा (आयनांचा) झोत मारून आरशाचा पृष्ठभाग मापात आणण्यावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘तीस वर्षं वाळूजला ग्राइंडिंग केलं. हे सँडब्लास्टिंगच आहे, फक्त वाळूच्या जागी आरगॉन. त्यात इतकं हळू, की बापानं लावलेला जॉब पोरानं उतरवायचा. आणि बीम सरळ मारला की सगळ्यात जास्त माल निघतो, हे कुठून आणलं?’

शेवटचं आधी घेतो. ती चूक माझीच. सरळ घुसलेला आयन आपला जोर आत खोलवर घालवतो. तिरपा आला तर धक्काबुक्की पृष्ठभागालगत होते आणि जास्त अणू सुटतात. उभ्या रेषेपासून साधारण 60-70 अंशांपर्यंत निघणारा माल वाढत जातो, त्यापुढे आयन नुसते घसरून जातात. काळ्या रानात कुदळ उभी मारली की रुतते, तिरपी मारली की ढेकूळ निघतं. शेतकऱ्याच्या पोराला हे सुचायला हवं होतं.

वाळूचं मात्र अर्धंच पटतं. दोन्हीकडे धक्क्यानंच काम होतं, वितळवून नाही, इथवर ठीक. पण वाळूचा कण कपची उडवतो. इथे 500 इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक) इतक्या जोराचा एक आयन आदळला तर सोन्यातून किंवा तांब्यातून दोनेक अणू उडतात, सिलिकॉनमधून सरासरी एकसुद्धा धड नाही.

हळू आहे, हे कबूल. मिनिटाला 50 नॅनोमीटर धरले तर एक मिलिमीटर उतरवायला 14 दिवस लागतील. पण मिलिमीटर काढायला हे कुणी लावतच नाही हो! तुम्ही लॅपिंग (टूल टेकवून बारीक घासणं) केलं असेल, तर कड कशी पडते ते मी सांगायला नको. टूल काठाबाहेर गेलं की दाब कडेवर येतो. मधला भाग मापात आणि कडेला उतार. बीम टेकतच नाही, त्यामुळे त्याला कड कळत नाही, आणि टूल झिजायचाही प्रश्न नाही. आरसा आधी मोजून उंचसखल भागांचा नकाशा करायचा, मग व्हॅक्यूममध्ये उंचवट्यावर बीम रेंगाळू द्यायचा, खळग्यावरून झटकन न्यायचा. सगळी करामत फीडच्या वेगात. (काचेवर धन भार साचून पुढच्या आयनांना ढकलू लागतो, म्हणून जोडीला इलेक्ट्रॉनही सोडतात.)

हवाईतल्या केक दुर्बिणीच्या आरशाचे तुकडे घासून झाल्यावर षट्कोनी कापले, आणि कापताच आतला ताण सुटून वाकले. कापल्यावर जॉब वाकणं तुम्हाला नवं नाही. तिथे बिघडलेला आकार आयन बीमनं ताळ्यावर आणला.

वाळूजच्या शॉपमध्ये याला काम नाही, खरंय. पण आपल्या हिंगोलीत, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय; 2023 मध्ये केंद्रानं तिला अंतिम मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोचे 40-40 किलोचे काचेचे आरसे याच बीमखालून गेलेत.

लेखातलं ‘सरळ’वालं वाक्य आज बदललंय. दुरुस्तीखाली तुमचं नाव घालू का, तेवढं कळवा.